चालतंय तसं

दर्शनाने जुन्या टूथब्रशचं टोक घालून मशिनमधल्या पंख्याच्या पात्यात अडकलेली वाळकी पाल बाहेर काढली आणि ओढणीने नाक दाबून खिडकीबाहेर फेकली. पालीमागोमाग झेंडूच्या पाकळ्या आल्या, कुंकवाने माखलेल्या अक्षता आल्या आणि कसलासा कुजका वास आला. दर दसऱ्याला या मशिनची पूजा होत असे. ते पुसावं, हे मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

“काका, याला सर्व्हर म्हणायचं की उकिरडा?”

“पावसात पाली येतातच, ताय. आमी तरी काय करनार?” संस्थेचा साठीतला कारकून कुंडलिक केरसुणी घेऊन उभा होता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, सात वर्षांपूर्वी, दर्शनानेच हे मशिन मुरबाडच्या या संस्थेत लावून दिलं होतं. तेव्हा ते नवं कोरं होतं. पुढे ऐरोलीला नोकरीला लागल्यावर सुट्टीत आसनगावला घरी बसून तिने संस्थेची साइट केली, ती बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेवर. साइटचं काम एकच, शहापूर-मुरबाडमधल्या कुठल्या दवाखान्यात आज सर्पदंशावरची लस आहे ते दाखवायचं. कुंडलिक रोज सकाळी सगळीकडे फोन करून आकडे भरायचा. भातलावणीच्या दिवसांत सिद्धगडाखालच्या वाड्यांमधून माणसाला झोळीत घालून आणतात, तेव्हा भलत्याच दवाखान्यात वाया गेलेला तास जिवावर बेततो.

आणि ऐन लावणीत अध्यक्ष वाल्मिकशेठना हुक्की आली. घरचं मशिन असताना बाहेर भाडं कशाला? त्यांनी परस्पर कुणाकडून तरी साइट इथे हलवून घेतली आणि जुनी जागा सोडूनही दिली. गेले तीन दिवस लसीच्या यादीच्या जागी नुसता पांढरा पडदा होता. पानाच्या माथ्यावरचा, सत्काराचा हार घातलेल्या वाल्मिकशेठांचा फोटो तेवढा झकास दिसत होता, त्यामुळे शेठांच्या मते साइट उत्तम चालू होती.

बिघाड शोधायला दर्शनाला दहा मिनिटं लागली. मशिनमधलं सॉफ्टवेअर सात वर्षांत एकदाही अपडेट झालं नव्हतं. नव्या धर्तीची साइट त्याला पेलतच नव्हती. आता आधी बॅकअप घ्यायचा, मग एकेक आवृत्ती चढवत जायचं, आणि दर वेळी काहीतरी मोडणार ते निस्तरायचं. दुसऱ्याची घाण उपसायची म्हणतात ती हीच, असं मनाशी म्हणत ती कामाला लागली.

मागे कुंडलिकचा फोन सारखा वाजत होता.

“तिकडं नको, खर्डीला न्या. चार बाटल्या हायत, आत्ताच इचारलंय. दंडाला घट्ट बांधू नका रे, हलवू नका फक्त.”

बोलणं झालं की तो लांबलचक वहीत लिहून ठेवी : किती वाजता, कोण बोललं, काय म्हणालं. मधेच त्याने चहा आणून ठेवला. त्यावर धरलेली साय पाहून तिला शिसारी आली. तिने कप कोपराने दूर सारला.

“सात वर्षं अपडेटचा मेसेज समोर येतोय, काका. वाचता येतं ना तुम्हाला?”

“येतं ना.”

“मग एक बटण दाबायला काय हात झिजले असते? माणसं मरतील इथे तुमच्या आळसापायी!”

कुंडलिकने खाली पाहिलं आणि आधीच झाडलेला कोपरा पुन्हा झाडायला घेतला. केरसुणीच्या त्या खरखरीचाही तिला वीट आला.

चारच्या सुमारास यादी दिसू लागली. दर्शनाने पाठ मोकळी केली आणि ठरवून टाकलं, की या माणसाला इथून हलवायला शेठना सांगायचं, तेही पुराव्यानिशी.

“मशिनचीही वही ठेवली असेल ना? ती द्या, काका.”

“राहू दे ना, ताय. झाली ना चालू?”

तिने स्वतःच फडताळातून ती ओढून काढली. पहिल्याच वर्षाच्या पानावर कुंडलिकचं टपोरं अक्षर होतं.

‘१४ ऑगस्ट. दुपारी सव्वातीन. मशिनवर अपडेट आले. दर्शनाताईंना ऐरोलीच्या ऑफिसात फोन केला. म्हणाल्या, चालतंय तसं चालू द्या. काही दाबू नका. बिघडलं तर मी येणार नाही. सारखा फोन करू नका.’

त्याखाली दर महिन्याला एक ओळ. ‘अपडेट आले. दाबले नाही.’ पानामागून पानं तीच ओळ.

तो फोन तिला आठवत नव्हता. शब्द मात्र तिचेच होते, आवाजासकट तिला ऐकू आले. सकाळपासून नाकात बसलेला कुजका वास आता आपल्याच अंगाला येतोय, असं तिला वाटलं.

“सकाळीच का नाय सांगितलंत?”

“तुमी कामात होता,” कुंडलिक म्हणाला.

एवढ्यात वाल्मिकशेठ आत आले. साइट बिघडली होती हे त्यांना आज दुपारीच कुणीतरी सुनावलं होतं, आणि तो राग अजून ताजा होता.

“कुणाचा गाढवपणा हा? याचाच ना? कुंडलिक, उद्यापासून येऊ नको.”

“चुकलंच, शेठ,” कुंडलिक म्हणाला. “मना त्यातलं कळत नाय.”

“त्यांची चूक नाय, शेठ,” दर्शना घाईने म्हणाली. “मीच सांगितलं होतं त्यांना, काही दाबू नका म्हणून.”

वाल्मिकशेठ हसले.

“भली पोर आहेस गो तू. म्हाताऱ्याला पाठीशी घालतेस. दिवसभर याची घाण उपसलीस, आणि वर आळही स्वतःवर घेतेस?”

“नाय शेठ, खरंच—”

“पुरे. तुझ्या शब्दाखातर ठेवतो याला. येत्या सभेत सत्कार करू तुझा.”

उघडी वही तिच्या तळव्याखाली होती. उचलून त्यांच्यापुढे धरली असती तर झालं असतं. तळवा उचलला गेला नाही, आणि शेठ फोन कानाला लावत बाहेर पडले.

कुंडलिक जवळ आला. त्याने हात जोडले.

“लय उपकार झाले, ताय. या वयात दुसरीकडं कोन ठेवनार मना?”

त्याने तिच्या हाताखालून वही अलगद सोडवून घेतली आणि कोरं पान काढलं.

“आता अपडेट आलं तं दाबू, का तुमाला फोन करू?” त्याने विचारलं, आणि ती काय म्हणते ते उतरवून घ्यायला पेनाचं टोपण काढलं.