हँडलवरचा डबा

आमच्या वीज उपकेंद्रात परमिट नावाचा एक प्रकार असतो. खांबावर माणूस आहे तोवर खाली कोणी लाइन सुरू करायची नाही, आणि ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. वहीत एवढं सोपं. पण लाइनमन सोमाजीभाऊंचा वहीवर भरवसा नव्हता. खांबावर चढायला निघाले की ते आपला जेवणाचा डबा त्या फिडरच्या, म्हणजे त्या लाइनच्या, चालू-बंद करायच्या हँडलला टांगून जात. डबा टांगलेला म्हणजे सोमाजीभाऊ वर. परत येऊन तो तेच काढणार. "माणूस सही इसरते, भूक नाही इसरत," म्हणायचे.

त्या दुपारी मी पाळीवर आले तेव्हा हँडल रिकामं होतं. आधीच्या पाळीचा ऑपरेटर कैलाश चुलतभावाच्या लग्नाला पळायच्या घाईत होता. "टेकचंदच्या गँगनं परमिट वापस केलं. सब क्लिअर आहे, दीपमाला. चालू करून दे," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा.

शेतीचा फिडर सकाळपासून बंद. उन्हाळी धान लोंबीवर, शेताच्या बांध्यांना भेगा पडलेल्या. शेतकऱ्यांचे फोन थांबेनात. "बाई, झोपल्या का?" एकानं विचारलं. "हो, उशी घेऊन या," मी म्हटलं. मी काही कमी नाही. मग आमच्या इंजिनिअर साहेबांचा फोन आला, "चार्ज करा, लाइन सोडा."

मी हँडलवर हात ठेवला आणि बोटाला काहीतरी चावलं. लाल मुंग्या. भिंतीवरून त्यांची ओळ पॅनेलवर चढली होती आणि हँडलवर नुसती भिरभिरत होती. लोखंडावर मुंग्यांचं काय काम?

म्हणजे इथं डबा टांगलेला होता. हात काढून सोमाजीभाऊंना फोन लावला. तो वाजतच राहिला. चढताना ते फोन गाडीच्या डिकीत ठेवतात. कैलाश उचलेना. टेकचंदनं उचलला.

"आमची गँग उतरली, बाई. सोमाजीचं मले माहीत नाही. तो मागून आला होता, आमच्याच परमिटवर. पुढच्या खांबावर फांदी तोडाले गेला."

मी मागच्या व्हरांड्यात धावले. तिथं सोमाजीभाऊंची बायको सुशीलाबाई बाजाराची पिशवी घेऊन बसली होती. समोर परातीत पाणी आणि पाण्यात डबा.

"मुंग्या लागल्या होत्या न, बाई. गुळाची पोळी देली होती, गूळ पाझरला. इकडं बाजाराले आली होती, म्हटलं पाहून जावं. तिथं कायले टांगते हे माणूस?"

मी डबा उचलला. जड होता. नवऱ्यानं हिला कधी सांगितलंच नव्हतं, भिईल म्हणून. आणि हिनं मायेनं तो उतरवून ठेवला होता.

साहेबांचा पुन्हा फोन. "वहीत क्लिअर आहे ना?"

"आहे. पण माणूस वर आहे, साहेब."

"कशावरून?"

"डबा भरलेला आहे."

"वेड लागलं का? मीच येतो चालू करायला."

मी पॅनेलला पाठ लावून उभी राहिले. त्यांच्या जीपच्या आधी सोमाजीभाऊ यावेत, एवढंच मनात. नाही आले तर साहेबांना ढकलून बाजूला करायचं का, हेही ठरेना. सुशीलाबाई दारात आली. "अशा टेकून काहून उभ्या, बाई?"

"ऊन लागलं," मी म्हटलं.

बाहेर गाडी थांबली. सोमाजीभाऊ होते, केसांत काड्या अडकलेल्या. आत येताच त्यांची नजर रिकाम्या हँडलवर गेली आणि ते जागीच थिजले.

"लाइन चालू नाही केली," मी म्हटलं. ते तिथंच खाली बसले.

"इतकं भेयाले काय झालं?" सुशीलाबाईनं विचारलं.

"काही नाही. तिथं डबा थंड राह्यते, म्हणून टांगतो."

तिनं हँडलकडं पाहिलं, माझ्या मुंगी चावलेल्या बोटाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. पोळी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी घास मोडला, पण तो हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं सोबत आले. डबा तिनंच टांगला. मग माझं स्टूल ओढून हँडलखाली बसली.

"तुम्ही जा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी आहो इथं."