उलटा दोरा

मालूमावशी डावखुरी होती, त्यामुळं तिच्या बिडीवरचा दोरा उलटा गुंडाळलेला असायचा. निपाणीत बिड्या वळणाऱ्या बाया पुष्कळ, पण आमच्या गल्लीत असा दोरा तिचा एकटीचाच. ती आणि माझी आई सोनुबाई, सख्ख्या बहिणी, वीस वर्षं गुडघ्याला गुडघा लावून वळत बसल्या. मला शाळेत मावशीच सोडायची. हमरस्त्याला आलो की माझा तळवा अंगठ्यानं दोनदा दाबायची. दोनदा दाबलं की ओलांडायचं. पलीकडं गेलो की हात सोडायची. हे आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

ब्याऐंशी साली मावशी काविळीनं गेली. वर्षभरात आईच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मग अंगठा आणि दोन बोटं बधिर झाली, तरी वळणं चालूच. एका रविवारी बघितलं, तर सुपातल्या निम्म्या बिड्यांना उलटा दोरा.

"ह्या कुणी वळल्या?"

"मालूनं," आई म्हणाली. "बोटं मेली की ती येती."

आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. भूतखेत आम्ही कधीच सोडलेलं, त्यात मी शाळेत विज्ञान शिकवणारी. माझं डोकंच फिरलं. रजा टाकून मी तिला बेळगावला डॉक्टरांकडं ओढत नेलं.

मनगटात नस दाबली गेलीय, डॉक्टर म्हणाले. स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ. हयगय केली तर अंगठ्याचं मांस झिजेल, हात कामातून जाईल. सुई मनगटात शिरताना आई शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडं बघून म्हणाली, "जा बाई. पोरगी ऐकत न्हाय."

आठवड्यात बोटांत जीव आला. बिड्या सगळ्या सरळ दोऱ्याच्या. आई सुपापुढं बसून रडायची, आणि बसताना मावशीपुरती जागा सोडायची. आपण काहीतरी वाईट केलंय असं मला वाटत राहिलं.

चार महिन्यांनी मुंग्या परत आल्या. गुण कायमचा नाही, गरज पडली तर पुन्हा देऊ, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. निपाणीच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागली, पण आई जागची हलेना.

"माजा हात धर," ती म्हणाली. "मालू काय म्हणती बघ. ती नगं म्हणाली तर मी येनार न्हाय."

चल म्हणाली असं खोटंच सांगायचं ठरवून मी तो बधिर हात धरला. गार होता. मग अंगठ्यानं माझा तळवा दाबला. थांबून, पुन्हा एकदा.

आई गाडीकडं बघत होती.

"धरलास काय गं?" तिनं विचारलं. "मला काय कळत न्हाय. काय म्हणाली?"

"चल म्हणाली," मी सांगितलं.

खोटं बोलायची गरजच पडली नव्हती. आईला हाताला धरून मी गाडीत चढवलं. आम्ही सीटवर टेकलो, आणि त्या बोटांनी माझा हात सोडला.