तळ्याकडची खोली

कान तपासणाऱ्या ताईंना सुट्टी लागली की दरवर्षी तळ्याचे वेध लागायचे. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या कानांत शिट्ट्या वाजवायच्या, म्हणजे माणसाला शांततेची भूक लागणारच. नावाड्याच्या घरी माळ्यावर अंथरूण, वहिनींच्या हातचा चहा आणि समोर पाणी, एवढ्यावर बाई खूश असत.

या खेपेला मात्र वाटेतच त्यांचं तोंड उतरलं. काठावर रंगीत खुर्च्या, होड्यांवर कर्णे, आणि जो तो पाण्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतोय. 'कुठून कुठून येतात मेले,' असं पुटपुटत त्या घरात शिरल्या. आपणही कुठून तरीच येतो, हे सोयीस्करपणे विसरून.

वहिनींनी हसत पुढची खोली उघडली. "यंदा माळा नाही हं ताई! पाहुण्यांसाठी केलीय ही."

"अहो, ही तर काकांची खोली!"

काका म्हणजे नावाड्याचे वडील. दृष्टी केव्हाच गेलेली, पण दिवस सगळा त्या खिडकीशी जायचा.

"त्यांना मागे हलवलं. तुम्हीच नाही का म्हणालात गेल्या वर्षी? 'ज्यांना दिसत नाही त्यांना तळ्याकडची खिडकी, आणि मी माळ्यावर!' किती हसलो आम्ही. मग म्हटलं, खरंच की."

ताई बोलल्या होत्या खऱ्या, जिभेला हाड कुठे होतं! पण जन्मभर कानांचंच काम केलेल्या बाईला हा माणूस खिडकीशी कशाला बसतो ते कळू नये? वल्ह्याच्या आवाजावरून काका मुलाची होडी ओळखायचे आणि मगच जेवायला उठायचे. हे ताईंनी दरवर्षी पाहिलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मागे जनरेटरच्या भिंतीला टेकून काका बसले होते. ताट झाकलेलं, तसंच. पाऊल वाजलं की विचारायचे, "पोरगा आला का?"

ताईंना राहवेना. "चला काका, तुमच्या खोलीत बसू," म्हणत त्यांनी हात धरला. म्हातारा लगबगीने निघाला, वाट पायांना पाठच होती. खिडकीशी येऊन त्यांनी कडी चाचपली. कडी नव्हती. चौकटभर एकच काच बसवली होती आणि वर एसी घरघरत होता. काचेपलीकडे मुलगा होडी बांधताना ताईंना स्पष्ट दिसत होता.

काकांनी काचेला कान लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"आला काका, मुलगा आला," ताई कशाबशा म्हणाल्या.

"हो का? बरं झालं." काकांनी काचेवरचा हात काढला. "खोली छान गार केलीय हो. तुम्हाला झोप चांगली लागेल. मला जरा मागे सोडता का?"