रघुपतीचा सातवा आवाज

विजयादशमीच्या सकाळी वाद्यांची पूजा उतरवली, आणि सेतुरामांनी आधी हात घातला तो व्हायोलिनला नाही, शेजारच्या काळ्या पेटीला. व्हायोलिनचा आवाज बदलणारी ही विजेवरची पेटी त्यांच्या दोस्ताची, तिरुवैयारूच्या रघुपतीची. सेतुरामांच्या घोगऱ्या व्हायोलिनसाठी त्याने महिनाभर खपून तिच्यात सातव्या क्रमांकावर एक आवाज बसवला होता. त्याच वर्षी तो गेला.

आता पेटीही जायला निघाली होती. तिचा पडदा काळा पडला होता, त्यामुळे रघुपतीने घातलेले आकडे वाचता येत नव्हते. वाजता वाजता ती आपोआप बंद पडे. दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं, "आतलं सगळं पुसलं जाणार. आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या." नात भुवना त्यासाठीच चेन्नईहून आली होती, पण पूजेत मांडलेल्या वाद्याला दशमीपर्यंत शिवायचं नाही, म्हणून कालचा दिवस तसाच गेला. दुपारी तिची गाडी होती.

"अप्पाजी, केबल आत जातच नाही."

"दाबून बघ की."

"दाबू कुठे? भोकात कुणीतरी गंध लिंपलंय! वर कुंकूसुद्धा!"

दाराशी शिकवणीला येऊन बसलेल्या आठ वर्षांच्या हरिताने दोन्ही हात पाठीमागे नेले.

सेतुरामांना परवाची संध्याकाळ आठवली. गंधाची वाटी घेऊन ही पोर वाद्यांना टिळे लावत होती. "पेटीला कपाळ कुठाय?" तिने विचारलं होतं. "कपाळ नसेल तर तोंड शोध, तिथे लाव," ते म्हणाले होते. तिने पेटी चारी बाजूंनी फिरवून तोंड शोधलं होतं, आणि त्यांनी न बघताच शाबासकी दिली होती.

गंध दगडासारखं वाळलं होतं. भुवनाने ओला कापूस लावला, उदबत्तीच्या काडीने हलकेच कोरलं. कट् असा आवाज झाला. केबल जोडायची आतली पातळ पट्टीच तुटून तिच्या तळहातावर येऊन पडली.

"अय्यो," एवढंच ती म्हणाली.

मग तिने फोन पुढे केला. "वाजवा तरी. रेकॉर्ड करून ठेवू."

"वाजवलेलं राहील गं. उद्या नवीन काही वाजवायचं झालं, तर ते त्याच्या आवाजात कसं वाजेल?"



"माझा टिळा चुकला?" हरिताने विचारलं.

"नाही राजा. जागा मीच सांगितली होती."

त्यांनी पेटी सुरू केली, सातवा आवाज लावला आणि गज ओढला. तो भरलेला, किंचित थरथरता षड्ज खोलीत पसरला. हरिताने सवयीने त्यात आपला सूर मिसळला. चौथ्या गजाला पेटीचा दिवा विझला. उरलं ते नुसतं घोगरं लाकूड.

सेतुरामांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. भुवनाने विजेची वायर काढून पुन्हा लावली. दिवा आला नाही.

हरिता डोळे मिटून अजून सूर धरून होती. तिला थांब म्हणायला त्यांचं तोंड उघडेना.