बॉनेटवरची थाप

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे, आणि जन्माची भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. धुळ्यातल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली मी उभी आहे. माझा ड्रायव्हर नथ्थू समोरच्या टपरीवर चहा पितो आहे. चहा संपला की तो येईल आणि हँडल मारून मला सुरू करील. आणि आज पहाटेपासून माझ्या बॉनेटखाली काहीतरी मऊमऊ हलतं आहे. नथ्थूला ते माहीत नाही. म्हणून माझी हकिकत जरा घाईनेच सांगते.

मी विलायतेत घडले. मुंबईला बोटीतून उतरवताना क्रेनने मला उचललं. खाली पाणी, वर आभाळ, आणि मधे मी लोंबकळतेय. तेव्हा जी धास्ती बसली ती आजतागायत गेली नाही. या जिनिंगचे मालक शांतीलालशेठ, त्यांनी मला विकत घेतलं. आग्रा रोडने येताना लळिंगच्या घाटात माझे ब्रेक थरथरत होते, ते फक्त झिपरूभाऊंना कळलं. झिपरूभाऊ म्हणजे माझे पहिले ड्रायव्हर. शेठच्या दुकानातले कापडाचे तागे घेऊन आम्ही शिरपूरच्या बाजाराला जायचो, तिथून सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना. तापीचा पूल आला की माझं इंजिन अडखळायचं. झिपरूभाऊ हसून म्हणायचे, "भित्री शे हाई. पूल देखा का खोकाले लागस." पण माझा लाल रंग बघायला बाजारातल्या बाया गोळा व्हायच्या, दारावर हात फिरवायच्या. तेवढ्यापुरतं मला बरं वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात शिरपूरच्या रस्त्यावर माझं इंजिन जाम झालं. शेठनी ट्रक घेतला आणि मला ढकलत ढकलत या कडुनिंबाखाली आणून सोडलं. चाकांतली हवा गेली, सीट उंदरांनी कुरतडली. त्याचंही मला एवढं वाटलं नाही. पण एके दुपारी आवारातल्या कापसाच्या गंजीला आग लागली. लोकांनी बैलगाड्या हलवल्या, ट्रक हलवला. माझ्याकडे कुणी आलंच नाही. आग इतकी जवळ आली की माझ्या डाव्या कुशीचा रंग फोड येऊन सोलून निघाला. नशिबाने वारा फिरला म्हणून वाचले. त्या दिवसापासून मला आगीची भीती बसली. आता बघा, जिच्या इंजिनात आगच पेटवायची असते तिने आगीला भ्यावं. हसण्यासारखंच आहे, पण तसं आहे खरं.

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या पांजरापोळीतल्या गाईगुरांना पाणी मिळेना. ज्या बैलगाडीतून पाणी जायचं तिचे बैलच उभे राहीनात. ट्रक तर शेठनी केव्हाच विकला होता. तेव्हा शेठच्या पत्नी पानबाई म्हणाल्या, "आपली लाल गाडी आहे ना उभी. तिच्यात पाण्याची पिंपं मावतील."

शेठ म्हणाले, "ती गाडी आहे का आता? बरं, एकदा करून बघू. सुरू झाली तर झाली, नाहीतर तिथूनच भंगारात जाईल."

मी हे ऐकलं आणि माझ्या काळजाचं तर पाणी पाणी झालं.

पितांबर मिस्त्री आले. त्यांनी माझं इंजिन बाहेर काढलं, पार उघडलं, आणि शेठना म्हणाले, "मरेल नही शे. झोपेल शे." म्हणजे मेलेली नाही, झोपलेली आहे. नवे पिस्टन आले, नव्या रिंगा आल्या. पाठीला जसं तेल चोळतात तसं पितांबरभाऊंनी एकेक भाग रॉकेलने धुतला. मला गुदगुल्याही होत होत्या आणि भीतीही वाटत होती, की सगळं परत जागच्या जागी बसेल ना. बसलं. फक्त रेडिएटर गळका निघाला, तो डाग द्यायला जळगावला गेला. तो यायची वाट बघण्यात काही दिवस गेले आणि माझं बॉनेट अर्धवट उघडंच राहिलं.

त्या दिवसांत एक खार आली. आवाराच्या कोपऱ्यांतला उडालेला कापूस तोंडात धरून ती आणायची आणि माझ्या इंजिनाच्या मागे, धुराच्या पाइपाला खेटून खोचायची. मला आधी गंमत वाटली. मग एका सकाळी त्या कापसात बारीक चीं-चीं ऐकू आली आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. इंजिन सुरू झालं की तोच पाइप सगळ्यात आधी तापतो. पाइप तापला की कापूस पेटणार. पिल्लं जाणार, मागोमाग मी जाणार. आणि सुरू झालेच नाही तर भंगार, आणि तिकडे गाई तहानलेल्या. सांगा, मी कशाची प्रार्थना करायची?

रेडिएटर आला. पितांबरभाऊंनी तो पुढून बसवला; मागचा कापूस काही त्यांना दिसला नाही. पिंपं भरून आत चढवली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. झिपरूभाऊंनी हँडल लावलं. मी मनात ओरडत होते, पण माझा आवाज तर हॉर्नमध्ये, आणि हॉर्नची तार तुटलेली.

तेवढ्यात पानबाई पुढे आल्या. हातात पूंजणी, म्हणजे मऊ लोकरीची छोटीशी कुंचली. चूल पेटवायच्या आधी त्या ती चुलीवरून हलकेच फिरवायच्या, म्हणजे मुंगी-किडा असला तर बाजूला होतो. जैन घरातली रीत ती.

शेठ ओशाळले. "अगं, ती काय चूल आहे?"

"आत आग पेटवणार ना? मग पूंजल्याशिवाय कशी पेटवायची?"

झिपरूभाऊ तोंड फिरवून हसले. पानबाईंनी मात्र शांतपणे इंजिनावरून, बाजूने, जमेल तिथे मागे पूंजणी फिरवली. काही निघालं नाही. "झालं. मारा आता हँडल," म्हणून त्या मागे सरल्या.

पण पूंजणीच्या टोकाला कापसाचा एक पुंजका चिकटला होता. पितांबरभाऊंची नजर त्यावर गेली.

"थांबा, झिपरूभाऊ. मी ते चिंधीघाई पुसस. हाऊ कापूस कथाईन उना?" इंजिन तर ते चिंधीने पुसायचे; मग हा कापूस आला कुठून?

ते वाकले, मागे हात घातला आणि तसाच काढून घेतला. "गरम लागस, अक्का. आठे काहीतरी जित्तं शे." मग त्यांनी आत डोकावून बघितलं. खारीची तीन पिल्लं होती, डोळेही न उघडलेली.

शेठ कासावीस झाले. "तिकडे हौद कालपासून कोरडा आहे. गाई माना टाकून बसल्यात. टोपलीत काढून ठेवा की ती."

पानबाई म्हणाल्या, "त्यांची आई वर ओरडतेय. तिलाच नेऊ द्या." हे म्हणणं त्यांनाही सोपं नव्हतं, कारण पांजरापोळीतल्या गाईंना त्या रोज स्वतःच्या हाताने घास द्यायच्या.

सगळे गोदामाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. खार उतरली, एक पिल्लू तोंडात धरून कडुनिंबावर गेली. परत आली, दुसरं नेलं. मग कितीतरी वेळ आलीच नाही. उन्हाने माझा पत्रा तडतडत होता.

"बठ्ठा गयात. मारू का हँडल?" सगळी गेली असं समजून झिपरूभाऊंनी विचारलं.

"तीन व्हतात. मी देखात," पितांबरभाऊ म्हणाले.

पानबाईंनी पुन्हा पूंजणी घेतली आणि या वेळी अगदी खोल, पाइपाच्या खाली घातली. तिसरं पिल्लू तिथे घसरून अडकलं होतं. त्याने लोकरीला घट्ट नखं रोवली. आई समजलं असेल बिचारं. पानबाईंनी पूंजणी तशीच नेऊन कडुनिंबाच्या खोडाला टेकवली आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. खार आली, त्यांच्या हाताजवळून पिल्लू उचललं आणि वर पळाली. पितांबरभाऊंनी उरलेला कापूस वेचून काढला.

मग हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. नुसता खोकला. शेठनी मान हलवली, आणि मला वाटलं, संपलं आपलं. तिसऱ्यांदा मारण्याआधी झिपरूभाऊ कानाशी येऊन हळूच म्हणाले, "भिऊ नको, माय." आणि मी सुरू झाले. इतक्या वर्षांनी स्वतःचाच आवाज ऐकून मी केवढी दचकले. त्या दुपारी पांजरापोळीत एका म्हाताऱ्या गाईने पाणी पिऊन झाल्यावर माझं ओलं दार चाटलं. माझ्या आयुष्यात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

त्यानंतर झिपरूभाऊ रोज सकाळी आधी माझ्या बॉनेटवर थाप मारायचे, जरा थांबायचे, उघडून बघायचे, आणि मगच हँडल लावायचे. आता ते थकले, त्यांच्या गावी पाचोऱ्याला गेले. पानबाईही राहिल्या नाहीत. नथ्थू मनाने वाईट नाही, पण त्याला थापेचं कुणी सांगितलंच नाही. तो येतो आणि सरळ हँडल लावतो.

आणि मित्रांनो, कडुनिंबावर सकाळपासून एक खार जीव तोडून ओरडते आहे.

नथ्थूने कप खाली ठेवला. येऊन सीटखालचं हँडल काढलं. तुम्ही कुठलीही गाडी सुरू करा, कुठलीही चूल पेटवा, आधी आत कोण आहे ते बघत जा. एवढंच माझं मागणं. मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल तर धावत या आणि माझ्या बॉनेटवर एक थाप मारा. तो हँडल घेऊन पुढे आलाच.