मला सरळ केलं सोनमने

मी एक बैजिक राशी बोलतेय. बैजिक म्हटलं की तुम्ही तोंड फिरवता, ठाऊक आहे मला. तरी थोडं ऐकाच. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात एक शाळा आहे, तिच्या भिंतीवर मी राहते. वर x² + 5x, मधे आडवी रेघ, खाली x + 5. आणि माझ्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘सरळ रूप द्या’.

उमाकांत सरांनी मला निळ्या ऑइलपेंटने रंगवलं. माणूस शहाद्याकडचा, मोठा हौशी. दिसते मी अवजड, पण स्वभावाने साधी आहे. वरच्या ओळीचे अवयव पाडा, वर-खाली सारखं आलेलं खोडा, की उरतो नुसता x. हे सरांनी दिवाळीनंतर शिकवलं. नेमकी तेव्हाच आठवीतली सोनम आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली होती.

होळीला ती परतली आणि समोरच्या बाकावरून माझ्याकडे टक लावून बघू लागली. तिच्या घरी पावरी बोलतात, मराठी तिला शाळेनेच दिलेली. सरळ उभी राहा, सरळ रेघ मार, सरळ घरी जा. एवढं ‘सरळ’ तिला पक्कं माहीत होतं.

आमची शाळा आठवीपर्यंतच. पुढे शहाद्याच्या वसतिगृहात एकाच मुलीला जागा होती आणि ती गणिताच्या पेपरावर ठरणार होती. तिच्या बापाने, रामसिंगने, आधीच सांगून टाकलं होतं की नंबर लागला तर शीक, नाहीतर आमच्याबरोबर कोयता घे.

पेपरात मीच आले. सोनमने पट्टी काढली, माझी वरची ओळ खाली उतरवली, खालची तिच्या शेजारी नेऊन बसवली आणि मला एका रेषेत मांडलं: x² + 5x / x + 5. इतकं सरळ मला आजवर कुणी केलं नव्हतं. सरांनी त्यावर लाल फुली मारली. जागा दुसऱ्या मुलीला गेली.

दाखला न्यायला बाप-लेक आले, तेव्हा सोनम माझ्यापाशी थांबली.

“सर, मी तर सरळच केली होती. पट्टी लावून.”

सर हसायला गेले आणि मधेच थांबले. शाळेतली मराठी त्यांच्या तोंडातून गळून पडली आणि घरची अहिराणी आली. “सरळ म्हंजे सोपं वं, पोरी. तुले सांगानं ऱ्हाई गयं मन्हं.”

“मग सोपं करा, असं का नाही लिहिलं?”

‘सोपं’ हा शब्द तिला येत होता. सरांनी शहाद्याला फोनवर फोन लावले, पण जागा भरली होती.

आता माझ्या डोक्यावरची जुनी अक्षरं खरवडून सरांनी ‘सोपं करा’ असं लिहिलंय. नवी मुलं मला चुटकीसरशी सोडवतात. मला मात्र त्याचं काडीचंही सुख नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीचा ट्रक शाळेवरून जातो आणि माझा जीव तुटतो.

गुरुजींनो, रंगाचा डबा उघडण्याआधी समोरच्या बाकाला एकदा विचारत जा, की या शब्दाचा अर्थ तुला काय वाटतो? सोनमने लगेच सांगितला असता. तिला कुणी विचारलंच नाही.