गोठ्यातले मीटबॉल

आमच्या चर्चच्या जेवणाला प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा असतो. तिथं कुणी गोड हसून "यंदा तुम्ही फक्त पेपर नॅपकिन आणा" म्हणालं, की ओळखायचं, उतरण लागली. नॅपकिननंतर सरबतात घालायचा बर्फ. बर्फानंतर "तुम्ही नुसत्या या हो, काही आणू नका." आणि मग रविवारच्या पत्रकात, 'आजारी सभासदांसाठी प्रार्थना' या मथळ्याखाली तुमचं नाव. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या या गावात मी हा क्रम इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलाय, की नॅपकिनचा पुडा घेऊन चर्चच्या तळघराचा जिना उतरणाऱ्याकडे मी आता जरा निरखूनच बघतो.

म्हणून आर्लिस टोलेफसनला नॅपकिन सांगितले गेले, तेव्हा मी कॉफीचा कप खाली ठेवला.

सांगणारी कर्स्टन होल्टर. शहरातून नवऱ्याच्या गावी राहायला आलेली, कामसू, हसरी, आणि नाताळच्या जेवणाची यंदाची प्रमुख. आमच्याकडे प्रमुख निवडतात म्हणजे काय, तर सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसतात आणि जो चुकून मान वर करतो त्याचं नाव लागतं. कर्स्टननं मान वर केली होती.

"आर्लिस, तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता आराम करा," ती म्हणाली. "यंदा सगळं घरी, हातानं केलेलंच ठेवायचं ठरवलंय. प्रत्येक पदार्थापुढे एक छोटंसं कार्ड, त्यात काय काय घातलंय ते लिहिलेलं."

"असं का," आर्लिस म्हणाली.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे "असं का" म्हटलं की भांडण होऊन गेलेलं असतं. पुढे उरतात ते फक्त परिणाम.

आर्लिसचे मीटबॉल कसे होतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच कधी उच्चारत नाही. दुकानातून गोठवलेल्या मीटबॉलची, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांची, पिशवी आणायची, ती स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, ओतायची. वर द्राक्षाच्या जेलीची एक बरणी आणि टोमॅटोच्या तिखटसर सॉसची एक बाटली. झाकण लावायचं, बटण मंद आचेवर फिरवायचं आणि आंघोळीला जायचं. दुपारपर्यंत गोळे काळपट लाल, चकचकीत होतात, आणि ज्यांना घरी साखर वर्ज्य आहे ते पहिले रांगेत असतात. "काय घालतेस गं यात?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. ती "असंच, घरात असेल ते" म्हणते. दोघंही समाधानानं पुढे सरकतात.

आर्लिसचा नवरा ऑर्विल गेला, त्यानंतर त्यांच्या मुलीनं, जी दूर ॲरिझोनात असते, वृद्धाश्रमांची रंगीत माहितीपत्रकं पाठवायला सुरुवात केली. नाताळच्या रात्री ती फोन करते आणि पहिला प्रश्न असतो, "आई, चर्चला मीटबॉल नेलेस ना?" तब्येत विचारायची ही तिची पद्धत. यंदा उत्तर "नाही, नॅपकिन नेले" असं गेलं, तर पुढचं पत्रक घेऊन मुलगी स्वतःच विमानानं येणार, हे आर्लिसला कळत होतं. मलाही कळत होतं. मी तिचा शेजारी, बर्फ पडला की तिला गाडीतून नेणारा.

जेवणाच्या दिवशी ती दारात उभी होती ती स्लो कुकर टॉवेलात गुंडाळून. काखेत नॅपकिनचा पुडा.

"आर्लिस," मी म्हणालो, "नॅपकिन सांगितले होते ना?"

"आणलेत की. हे काय." गाडीत बसता बसता तिनं पुडा दाखवला. "गोळे मी माझ्या मनानं आणलेत. माझ्या मनाची प्रमुख कर्स्टन नाही. पट्टा लाव."

"लावलाय मी."

"तुला नाही रे लोवेल, भांड्याला."

तळघरात गेलो आणि मला पुढचं सगळं दिसलं. आमचं चर्च जुनं, विजेच्या तारा त्याहून जुन्या वाटाव्यात अशा; एका जागी जास्त भार पडला की फ्यूज उडतो. म्हणून आमच्याकडे स्लो कुकर कधी शेजारी शेजारी मांडत नाहीत. बीन्स स्वयंपाकघरात, बटाटे जिन्याखाली, हॅम पाळणाघरात, खेळण्यांच्या शेल्फावर. जेवायचं म्हणजे ताट घेऊन पूर्ण तळघर फिरायचं. कर्स्टनला ते गबाळं वाटलं असणार. तिनं मधोमध एक लांब टेबल लावलं होतं, पांढरी चादर, देवदाराच्या फांद्या, आणि यच्चयावत भांडी ओळीनं, सगळ्यांच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात.

तिथला प्रत्येक माणूस त्या बोर्डाकडे बघत होता. प्रत्येकाला माहीत होतं काय होणार ते. आणि प्रत्येक जण कर्स्टनला म्हणत होता, "वा, किती छान मांडलंय!" कारण बोर्डाबद्दल बोलणं म्हणजे तिच्या टेबलाला नावं ठेवल्यासारखं. आम्ही अंधारात जेवू, पण तोंडावर कुणाला नावं ठेवणार नाही. मीही म्हणालो, छान मांडलंय म्हणून.

"अगंबाई, आर्लिस!" कर्स्टन पुढे आली. भांडं पाहून तिचं हसू जागच्या जागी राहिलं. "अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आणि आता बघा ना, एकही प्लग उरला नाही."

"इथे नाही उरला," आर्लिस म्हणाली. "लोवेल, उचल."

तिचा खुब्याचा सांधा बदललेला आहे. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ती परत वर चढली आणि मी भांडं घेऊन तिच्या मागे. वर प्रार्थनेच्या दालनात वेदीशेजारी नाताळचा गोठा मांडला होता. लाकडी मेंढरं, मरिया, योसेफ, बाळ, आणि वर विजेचा तारा. आर्लिसनं ताऱ्याची वायर काढली आणि स्लो कुकरची लावली. भांडं मेंढरांच्या शेजारी, गवतावर ठेवलं. मग पर्समधून जेलीची रिकामी बरणी काढली आणि भांड्याला टेकवून ठेवली, नाव बाहेरच्या बाजूला.

"बरणी कशाला?" मी विचारलं.

"कार्ड हवं होतं ना तिला?"

तेवढ्यात पास्टर डेल आत आले. गोठ्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. "आर्लिस, तारा विझलाय."

"तिघे ज्ञानी पुरुष येऊन पोचलेत, पास्टर." तिनं बोट दाखवलं. खरोखरच तिघं उंटांसकट तिथं उभे होते. "पोचलेल्यांना वाट दाखवायला दिवा कशाला जाळायचा?"

पास्टरांनी थोडा विचार केला. मग वाकून वास घेतला. "तयार कधी होतील?"

"घरी झालेतच. गरम राहायला हवेत फक्त."

खाली प्रार्थना म्हणून झाली, 'आमेन'बरोबर कुणीतरी कॉफीचं मोठं भांडं चालू केलं, आणि तळघर काळं झालं. वरच्या दालनाचा फ्यूज वेगळा. पुरुषमंडळी फ्यूजच्या पेटीकडे गेली, उजेड आला, परत गेला. परत आला, परत गेला. शेवटी असं ठरलं की दिवे ठेवायचे आणि टेबलावरची भांडी बंद. कर्स्टनचे स्वतःचे मीटबॉल होते हरणाच्या मांसाचे, रोझमेरी घालून हातानं वळलेले. तिनं ते कच्चेच भांड्यात लावले होते, इथे शिजतील म्हणून. एक फोडून पाहिला. आत गुलाबी.

"काही हरकत नाही हं," बायका म्हणाल्या. "ब्रेड आहे की. सॅलड आहे की."

ब्रेड चावत सगळे बसले. आणि जिन्यावरून तो वास हळूहळू खाली उतरला.

पहिला उठला हार्लन, हॅमवाला. "मी जरा गोठा बघून येतो," म्हणाला. हातात ताट. मग त्याची बायको गोठा बघायला. मग बटाटेवाल्या बहिणी. आमच्या मंडळींमध्ये इतकी भक्ती आहे हे मला त्या दिवशी कळलं. रांग जिन्यापर्यंत आली. वर आर्लिस पहिल्या बाकावर डाव घेऊन बसली होती, आणि प्रत्येकाला बरणीसमोरूनच जावं लागत होतं. कुणी विचारलं नाही काय घातलंय म्हणून. हार्लननं बरणीवरचं नाव मोठ्यानं वाचलं, आर्लिसकडे पाहिलं आणि ताट पुढे केलं. "चार घाल."

सगळ्यांत शेवटी कर्स्टन आली. डोळे लाल, हातात एक कोरं कार्ड.

"कुणीतरी मला सांगायचं ना, बोर्डाबद्दल," ती म्हणाली.

"आम्ही नाही सांगत असं," आर्लिस म्हणाली. "चूकच आहे आमची. बस. खा."

कर्स्टननं एक खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याला तिनं पेन काढलं. "कार्डावर काय लिहू? 'टोलेफसनांची पारंपरिक कृती' लिहू का? छान दिसेल."

"पिशवी, बरणी, बाटली, असं लिही."

"असं कसं लिहू?"

"मोठ्या अक्षरात."

तिनं लिहिलं. कार्ड मेंढराला टेकवून ठेवलं.

भांड्यात आता एकच गोळा उरला होता. शेवटचा घास आमच्याकडे कुणी घेत नाही. त्याचा अर्धा करतात, अर्ध्याचा पाव करतात, आणि तो कण भांड्याबरोबर घरी जातो. सगळे आजूबाजूला उभे राहून त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. आर्लिसनं काटा खुपसला, अख्खा गोळा तोंडात घातला आणि सगळ्यांदेखत सावकाश चावून खाल्ला. कुणीतरी श्वास आत ओढला. बहुधा मीच.

मग तिनं ताऱ्याची वायर परत लावली, शेजारी बाकावर ठेवलेला नॅपकिनचा पुडा फोडला आणि कर्स्टनच्या हनुवटीवर सॉस लागला होता तिकडे बोट केलं.

"घे, पूस," ती म्हणाली, आणि एक नॅपकिन काढून उरलेला पुडा तिच्या हातात दिला. "पुढच्या वर्षी हे तू आण."